एकाच्या खांद्यावर अख्खी जमात

कॉमिक्स म्हणजे पोरासोरांचे वाचन, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे. तेव्हा साहित्याच्या वार्षिकात त्यावर पाने का खर्चावीत, असे कुणी विचारले तर त्यात वावगे काही नाही. आमचे उत्तर असे, की परक्या माणसाचे पहिले चित्र आपल्या मनात उमटते ते कादंबऱ्या वाचण्याच्या वयात उमटत नाही. त्याच्या कितीतरी आधी, अक्षरे जुळवत चित्रे पाहण्याच्या वयात ते उमटून गेलेले असते. पुढे शंभर वैचारिक ग्रंथ वाचले तरी ते पुसायला कष्ट पडतात. म्हणून हे चित्र कोण काढतो, कुणाचे काढतो आणि कोणत्या अधिकाराने काढतो, हा नीतीचा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांना गेली ऐंशी-नव्वद वर्षे या प्रश्नाशी झगडावे लागले आहे. त्यांच्या अनुभवात मराठी मुसलमानांनी घेण्यासारखे बरेच आहे.

महाराष्ट्रातल्या एका पिढीला ही चित्रे अगदीच अनोळखी नाहीत. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने १९६४ साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. ते मराठीतही निघत असे आणि १९९० पर्यंत ही मालिका चालली. त्यातले वेताळ आणि जादूगार मँड्रेक हे दोघेही ली फॉक या अमेरिकन लेखकाचे मानसपुत्र. मँड्रेक १९३४ चा, वेताळ १९३६ चा. वेताळ हा आफ्रिकेसारख्या जंगलाचा राखणदार, पण पिढ्यान्पिढ्या गोरा. जंगलातल्या बहुतेक काळ्या टोळ्या त्याला अमर मानतात आणि त्याचा शब्द शेवटचा समजतात. मँड्रेकचा सोबती लोथार तर आफ्रिकेतल्या सात राष्ट्रांचा राजपुत्र. हा राजपुत्र गादी सोडून एका गोऱ्या जादूगाराची पाठराखण करीत जगभर हिंडतो. सुरुवातीला त्याच्या अंगावर बिबट्याचे कातडे, डोक्यावर तुर्की टोपी आणि तोंडी मोडकीतोडकी इंग्रजी होती. १९६५ साली फ्रेड फ्रेडरिक्स या चित्रकाराने मँड्रेक हाती घेतला, तेव्हा लोथारला धड कपडे मिळाले आणि धड भाषा मिळाली. एका राजपुत्राला सरळ वाक्य बोलण्यासाठी तीस वर्षे थांबावे लागले.

लोथारचे नशीब त्यातल्या त्यात बरे म्हणायचे. १९४० साली विल आयझ्‌नर या नामवंत चित्रकाराने ‘द स्पिरिट’ ही मालिका सुरू केली. तिच्यात एबनी व्हाइट नावाचा कृष्णवर्णीय पोरगा आहे. बटाट्याएवढे ओठ, वटारलेले डोळे आणि हसू यावे म्हणून मुद्दाम बिघडवलेली बोली. १९४१ च्या ‘यंग अलाइज’मधला व्हाइटवॉश जोन्सही त्याच साच्यातला. गंमत अशी, की आयझ्‌नर हा काही दुष्ट माणूस नव्हता. तो युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबातला, परकेपणाची झळ सोसलेला होता. तरीही काळा माणूस काढायची वेळ आली की त्याचा हात आपोआप त्याच साच्याकडे वळला. पूर्वग्रहाला द्वेष लागतोच असे नाही. हाताची सवय पुरते.

मराठी वाचकाला यातले एक लक्षण चांगलेच ओळखीचे वाटेल. ते म्हणजे मोडकी भाषा. आपल्या नाटक-सिनेमांतला आणि कथांतला मुसलमान आठवून पाहावा. दाढी, लुंगी, गळ्यात तावीज आणि तोंडी ‘हम बोलताय ना’ छापाची धेडगुजरी हिंदी. कोकणातला मुसलमान पिढ्यान्पिढ्या आपल्या मराठी बोलीत भांडतो आणि रडतो. देशावरचा मुसलमान शेतात, बाजारात, ग्रामपंचायतीत गावची मराठी बोलतो. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेखांच्या आवाजाने मैदाने भरली. पण रंगमंचावरच्या चाचाला अजून धड मराठी येत नाही. लिहिणारा वाईट असेलच असे नाही. त्याच्याही हाताला सवय आहे.

या सवयीला सुरुंग लावण्याचे काम कधी कधी मुलेच करतात. १९४५ साली न्यूयॉर्कमधल्या शाळकरी मुलांचा एक गट ‘कॅप्टन मार्व्हल’च्या संपादकाला भेटायला गेला. त्या मालिकेत स्टीमबोट नावाचा कृष्णवर्णीय नोकर होता, तोही तसलाच. विनोदासाठी आम्ही गोऱ्यांचीही अशीच थट्टा करतो, असे संपादकाने सांगून पाहिले. त्यावर एका मुलाने स्टीमबोटचे मोठे केलेले चित्र त्याच्यापुढे धरले. आमची जमात अशी नाही, पण तुमचे लाखो वाचक ती अशीच आहे असे समजतील, अशा आशयाचे तो बोलला. स्टीमबोट लवकरच नाहीसा झाला. त्या मुलाने जे सांगितले त्यात सगळा प्रश्न आला. गोऱ्या पात्राची थट्टा त्या पात्रापुरती राहते, कारण शेजारच्याच चौकटीत दहा वेगळे गोरे उभे असतात. काळे पात्र एकटेच असते. त्याची थट्टा अख्ख्या जमातीची होते.

मग आपली चित्रे आपणच काढावीत, हा मार्ग सुचणे स्वाभाविक होते. जॅकी ऑर्म्स ही त्या वाटेवरची अग्रणी. अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय स्त्री-व्यंगचित्रकार म्हणून तिचे नाव घेतले जाते. १९३७ साली ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकात तिची टॉर्ची ब्राउन अवतरली. ही दक्षिणेतल्या खेड्यातून हार्लेमला नशीब काढायला निघालेली मुलगी. १९४५ पासून अकरा वर्षे तिने ‘पॅटी-जो अँड जिंजर’ ही एका चौकटीची मालिका काढली. तिच्यात फटकळ तोंडाची छोटी पॅटी-जो राजकारणापासून वर्णभेदापर्यंत सगळ्यांची हजेरी घेते आणि देखणी, नीटनेटकी थोरली बहीण जिंजर नुसती ऐकत असते. साधीच गोष्ट, पण कपड्यांची हौस असलेली, घरात बसून टोमणे मारणारी काळी मुलगी त्या काळी दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नव्हती. अमेरिकन गुप्तचर खात्याने मात्र ऑर्म्सवर फाइल उघडली.

ऑरिन इव्हान्स या फिलाडेल्फियाच्या पत्रकाराने त्यापुढचे पाऊल टाकले. १९४७ साली त्याने ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ हा अंक काढला. लेखक, चित्रकार, प्रकाशक सगळे कृष्णवर्णीय. दुसऱ्या अंकाची तयारीही झाली होती. पण त्याला कागद विकायलाच कुणी तयार होईना. तो दुसरा अंक कधीच निघाला नाही. ज्यांनी आपल्या समाजाची छोटी मासिके चालवली आहेत, त्यांना या हकिकतीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. प्रतिभा, निष्ठा, मजकूर सगळे जवळ असते. अडते ते कागदावर, छपाईवर आणि अंक वाचकापर्यंत पोचवणाऱ्यावर. प्रतिनिधित्वाच्या चर्चेत कागदवाल्याचे नाव सहसा निघत नाही, ते आधी निघायला हवे.

तिसरी तऱ्हा मॅट बेकरची. चाळिशीच्या दशकातला हा अत्यंत कुशल कृष्णवर्णीय चित्रकार. त्याच्या कुंचल्याची ख्याती होती ती गोऱ्या सुंदऱ्या काढण्याबद्दल. ‘फँटम लेडी’चे त्याने काढलेले रूप आजही संग्राहक शोधत फिरतात. चित्र काढणारा काळा आणि चित्रातले सगळे गोरे. यावरून एवढे कळते, की धंद्यात आपला माणूस असला म्हणजे चित्रात आपली माणसे येतातच असे नाही.

आता याच्या नेमके उलटे उदाहरण पाहू. १९५३ साली ‘विअर्ड फँटसी’ या अंकात ‘जजमेंट डे’ नावाची एक छोटी कथा आली. लेखक अल फेल्डस्टीन, चित्रकार जो ऑर्लँडो. दोघेही कृष्णवर्णीय नव्हते. पृथ्वीचा एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर तपासणीला जातो. तिथे नारिंगी आणि निळ्या यंत्रमानवांत भेदभाव आहे. आतली यंत्रे सारखी, फक्त बाहेरचा पत्रा वेगळा. तो सांगतो, की तुमच्या ग्रहाला अजून आमच्यात येण्याची पात्रता नाही. यानात परतल्यावर तो शिरस्त्राण काढतो, तेव्हा वाचकाला कळते की हा माणूस काळा आहे. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब चमकत असतात. पुढे कॉमिक्सवर नजर ठेवणारी आचारसंहिता आली. १९५६ साली प्रकाशक विल्यम गेन्स यांनी हीच कथा पुन्हा छापायला घेतली, तेव्हा त्या संहितेच्या प्रमुखाने, म्हणजे एका माजी न्यायाधीशाने, अंतराळवीर काळा असण्यालाच हरकत घेतली. निदान घाम तरी काढा म्हणून घासाघीस झाली. गेन्स यांनी नकार दिला आणि कथा जशीच्या तशी छापली. त्यांच्या संस्थेचे ते शेवटचे कॉमिक पुस्तक ठरले.

या प्रसंगामुळे एक सोपे उत्तर बाद होते. ज्याचे दुःख त्यानेच लिहावे, दुसऱ्याने हातही लावू नये, असे म्हणता येत नाही. दुसऱ्याला न्याय देणारा हात बाहेरचाही असू शकतो, आणि त्यासाठी तो किंमतही मोजू शकतो. हे मान्य करायला आपण कचरू नये. पण एक फरक ध्यानात ठेवावा. फेल्डस्टीन-ऑर्लँडो यांचा अंतराळवीर हा न्यायाचा पुतळा आहे. त्याला घर नाही, बायको नाही, आवडनिवड नाही. आपल्याला न्याय मिळाला, पण आपला माणूस काही भेटला नाही.

१९६६ च्या जुलैमध्ये ब्लॅक पँथर आला. स्टॅन ली आणि जॅक कर्बी या जोडीने ‘फँटॅस्टिक फोर’मध्ये वाकांडा या काल्पनिक, विज्ञानात पुढारलेल्या आफ्रिकी राज्याचा राजा उभा केला. या जोडीची मूळ नावे स्टॅन्ली लीबर आणि जेकब कर्टझ्‌बर्ग. दोघेही ज्यू स्थलांतरितांची मुले. स्वतःची नावे बदललेल्या दोघांनी काळ्या राजाला ताठ मानेने उभे केले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. त्याचे नाव कॉमिकवरून आलेले नव्हते, अलाबामातल्या मतदार चळवळीचे ते चिन्ह होते. त्याच पक्षावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले.

पुढच्या काळात काळ्या नायकांची संख्या वाढली. १९७२ साली ल्यूक केज आला. न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेला आणि तिथल्या प्रयोगातून पोलादी कातडीचा झालेला. म्हणजे काळा नायक एक तर राजा, नाही तर कैदी. मधला माणूस कुठेच नाही. आपल्यालाही हा हिशेब तोंडपाठ आहे. मराठीतल्या ऐतिहासिक पुस्तकांत मुसलमान एक तर क्रूर सुलतान असतो, नाही तर जीव देऊन इमान राखणारा सेवक. वर्तमानकाळात तो एक तर गुंड किंवा अतिरेकी असतो, नाही तर दंगलीत शेजाऱ्याला वाचवणारा देवमाणूस. सोसायटीच्या बैठकीत पाण्याच्या बिलावरून वाद घालणारा, बढती चुकल्यामुळे चिडलेला, मुलीच्या दहावीच्या काळजीने झोप उडालेला मुसलमान मात्र शोधून सापडत नाही. देवमाणूस केल्याबद्दल तक्रार काय करायची, असे कुणी म्हणेल. तक्रार अशी, की देवमाणसाला सतत परीक्षा द्यावी लागते. तो एकदा चुकला की एका क्षणात पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत जातो.

ही गोष्ट ड्वेन मॅकडफी या कृष्णवर्णीय लेखकाने फार नेमकी ओळखली. १९८९ साली मार्व्हल कंपनीत काम करीत असताना त्याने वरिष्ठांना एक उपरोधिक प्रस्ताव धाडला. कंपनीचे काळे नायक चाकांच्या फळीवर उभे राहून घसरत फिरतात, तेव्हा अशाच पोरांची एक टोळी काढू या, असा त्याचा सूर होता. हसवता हसवता त्याने साचा उघडा पाडला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते. अल्पसंख्य समाजातले पात्र एकटे असले, की ते पात्र राहत नाही, अख्ख्या जमातीचे प्रतिनिधी होऊन बसते. मग त्याला चुकता येत नाही, भित्रे असता येत नाही, विचित्र वागता येत नाही. आणि ज्याला यातले काहीच करता येत नाही, त्याची गोष्ट रंगणार तरी कशी?

१९९३ साली मॅकडफी, डेनिस कॉवन, मायकल डेव्हिस आणि डेरेक डिंगल या चौघांनी ‘माइलस्टोन मीडिया’ ही संस्था काढून या प्रश्नाला व्यवहारी उत्तर दिले. छपाई आणि वितरण डीसी या बड्या कंपनीचे, मात्र पात्रांची मालकी आणि संपादनाचा अधिकार आपला. इव्हान्सला जो कागद मिळाला नाही, त्याची व्यवस्था त्यांनी कराराने केली. एकट्या नायकावरचे ओझे उतरवायचे तर अनेक नायक हवेत, म्हणून त्यांनी डाकोटा नावाचे आख्खे शहरच वसवले.

त्यातली ‘आयकॉन’ ही मालिका पाहण्यासारखी आहे. आयकॉन हा परग्रहावरचा जीव. १८३९ साली तो अमेरिकेच्या दक्षिणेत पडतो. तिथे एका गुलाम स्त्रीला सापडतो आणि काळ्या बाळाचे रूप घेतो. दीडशे वर्षांनी तो श्रीमंत वकील झाला आहे. मी कष्ट करून वर आलो, इतरांना काय झाले, अशी त्याची धारणा. राकेल ही गरीब वस्तीतली पंधरा वर्षांची मुलगी त्याला सुनावते, की तुला उडता येते म्हणून तू वर गेलास, आमचे काय? पुढे ती कुमारी माता होते आणि तरीही नायिका राहते. कृष्णवर्णीय समाजातला मोठा वाद लेखकाने दोन काळ्या पात्रांत लावून दिला आणि दोघांपैकी कुणालाही खोटे पाडले नाही. वाद घराबाहेर गेला म्हणून कुणाची अब्रू गेली नाही. उलट ते घर आहे, त्यात माणसे राहतात, एवढे जगाला कळले.

‘स्टॅटिक’ या दुसऱ्या मालिकेचा नायक व्हर्जिल हॉकिन्स हा विजेची शक्ती लाभलेला, वाचाळ शाळकरी पोरगा. फ्लॉरिडा विद्यापीठात कायदा शिकण्यासाठी वर्षानुवर्षे लढलेल्या आणि काळा म्हणून प्रवेश नाकारल्या गेलेल्या गृहस्थाचे नाव त्याला दिले आहे. पण वाचणाऱ्या मुलाला हे ठाऊक असण्याची गरज नाही. इतिहास नावात आहे, पोराच्या पाठीवर नाही. नव्वदीच्या मध्यावर अमेरिकेतला कॉमिक्सचा बाजार कोसळला आणि १९९७ साली माइलस्टोनचे अंक बंद पडले. स्टॅटिक मात्र २००० ते २००४ या काळात दूरचित्रवाणीवर घरोघर पोचला. मॅकडफी २०११ साली वारला. २०२१ साली या पात्रांचे अंक पुन्हा निघू लागले.

इथवर आल्यावर एक अवघड शंका समोर येते. आपली चित्रे आपण काढायची, हे ठीक. पण मग आपण फक्त आपलीच काढायची का? ख्रिस्तोफर प्रीस्ट हा मार्व्हलचा पहिला कृष्णवर्णीय संपादक. १९९८ ते २००३ या काळात त्याने ‘ब्लॅक पँथर’ लिहिले आणि त्यात एक धाडस केले. कथा सांगण्याचे काम त्याने एव्हरेट रॉस या गोंधळलेल्या गोऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे दिले. गोरा माणूस काळ्या राजाकडे कसा पाहतो, हाच विनोदाचा विषय झाला. मालिका गाजली. त्यानंतर प्रकाशकांकडून विचारणा होई ती काळ्या पात्रांसाठीच, असे प्रीस्टने नंतर उघडपणे सांगितले. आधी दार बंद होते, मग उघडले ते एकाच खोलीचे.

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला ही खोली परिचित आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. या भाषेत आमचेही घर आहे, हा त्यामागचा दावा होता. त्याची गरज होती आणि आहे. पण दिवाळी अंकाचे निमंत्रण येते तेव्हा विषय बहुधा ठरलेला असतो. तलाक, बुरखा, मदरसा, दंगल. पावसावर, क्रिकेटवर, ज्ञानेश्वरीवर, शेअरबाजारावर लिहा, असे मुसलमान लेखकाला क्वचितच कुणी म्हणते. स्वतःबद्दल बोलण्याचा हक्क मिळवणे हा एक टप्पा झाला. जगाबद्दल बोलण्याचा हक्क हा दुसरा, आणि तो अजून बाकी आहे.

दुसरी अडचण घरातली. समाजाला आपले चित्र चांगलेच हवे असते. ‘बूनडॉक्स’ या वृत्तपत्री मालिकेच्या ॲरन मॅकग्रूडरने १९९९ ते २००६ या काळात सरकारवर कोरडे ओढले, तसे कृष्णवर्णीय प्रतिष्ठितांवर आणि त्यांच्या दूरचित्रवाहिनीवरही ओढले. ते सगळ्यांना रुचले नाही. २००३ साली रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर यांनी ‘ट्रूथ’ ही सात अंकांची मालिका काढली. कॅप्टन अमेरिका घडवण्याच्या औषधाचे प्रयोग आधी काळ्या सैनिकांवर झाले, अशी तिची कल्पना. पाठीशी टस्कीगीचा खरा इतिहास होता. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे तिथे सुमारे चारशे आजारी कृष्णवर्णीयांना उपचाराविना ठेवून सरकारी डॉक्टर रोगाची प्रगती पाहत बसले होते. गोऱ्या वाचकांपैकी अनेकांना ही मालिका म्हणजे राष्ट्रीय प्रतीकाचा अवमान वाटला. म्हणजे घरातले बोलावे तर घरचे रागावतात, बाहेरचे बोलावे तर बाहेरचे. लेखकाने दोन्हीकडचे रागावणे धरूनच चालावे. आपल्याकडेही समाजातले दोष लिहिले की विरोधकांच्या हाती कोलीत दिले म्हणतात आणि समाजावरचा अन्याय लिहिला की रडगाणे म्हणतात. या दोन आरोपांच्या मधोमध जी चिंचोळी जागा उरते, तिथेच साहित्य उभे राहते.

मुसलमान पात्रांच्या वाट्याला हे सगळे नंतर आले. २००२ साली ‘एक्स-मेन’मध्ये डस्ट ही अफगाण मुलगी आली. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तावडीतून नायकाने सोडवलेली, नखशिखान्त बुरख्यातली, वाळू होऊन उडणारी. बुरखा आणि वाळू यांपलीकडे तिची ओळख बराच काळ फारशी सरकली नाही. २०१३ साली कमला खान आली आणि २०१४ पासून ‘मिस मार्व्हल’ ही मालिका तिची झाली. संपादक सना अमानत ही पाकिस्तानी कुटुंबातली, लेखिका जी. विलो विल्सन इस्लाम स्वीकारलेली आणि चित्रकार एड्रियन अल्फोना मुसलमान नसलेला. पहिल्या खंडाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. पण आम्हांला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. कमलाच्या घरात आणि मशिदीत मुसलमान अनेक आहेत. भाऊ आमिर अतिधार्मिक आणि बेकार, वडील बँकेत, आई काळजीखोर, मैत्रीण नकिया स्वतःहून हिजाब घेणारी. मशिदीत पडद्याआड बसून ऐकावे लागते म्हणून मुली कुरकुर करतात. आणि ज्यांच्याकडून ओरडा बसेल असे कमलाला वाटते, ते शेख अब्दुल्ला तिला समंजसपणे सांगतात, की जे करायचे ते धैर्याने आणि सचोटीने कर. मराठीतल्या मुस्लिम कथेत असा मौलवी किती वेळा आला, हे वाचकांनीच आठवून पाहावे. एकट्या कमलाला इस्लामची वकिली करावी लागत नाही, कारण तिच्याभोवती पाच-सात जण आपापल्या तऱ्हेने मुसलमान आहेत. माइलस्टोनने शोधलेली वाट ती हीच.

कोण कुणाचे चित्र काढतो हा प्रश्न आपल्या मातीतही जुना आहे, आणि त्यातला काळा माणूस आपलाच आहे. मलिक अंबर हबशी होता. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद झाले. मोगलांना त्याने आयुष्यभर दमवले. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात त्याच्या काळ्या रंगावरून त्याला शिव्या घालतो. एवढ्याने समाधान झाले नाही म्हणून अबुल हसन या दरबारी चित्रकाराने १६१६ च्या सुमारास एक चित्र काढले. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून मलिक अंबरच्या छिन्न मस्तकावर बाण मारतो आहे. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. प्रत्यक्षात जहांगीरला तो कधीच सापडला नाही. १६२६ साली म्हातारपणी तो आपल्या मरणाने मेला. रणात जे जमले नाही ते बादशहाने कागदावर उरकून घेतले. त्याच काळातली दख्खनी शैलीतली मलिक अंबरची व्यक्तिचित्रेही शिल्लक आहेत. पांढरा जामा, भरदार देह, तलवार आणि शांत नजर. माणूस एकच, हात दोन. चित्रकार आणि बादशहाही मुसलमान, आणि ज्याचे मस्तक टांगले तोही मुसलमान. धर्म एक असला म्हणजे नजर स्वच्छ असते, हा भ्रम त्या चित्राने कायमचा दूर करावा.

हजरत बिलाल (रजि.) हबशी होते आणि इस्लामची पहिली अजान त्यांच्या कंठातून उमटली, हे आपण अभिमानाने सांगतो. अखेरच्या खुतब्यात पैगंबरांनी गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही असे बजावले, हेही सांगतो. आणि त्याच मोहल्ल्यांत सावळ्या पोराला ‘हबशी’ म्हणून चिडवलेले ऐकू येते, स्थळे पाहताना मुलीचा रंग आधी पाहिला जातो. जंजिऱ्याच्या सिद्दींचा इतिहास ज्या कोकणात घडला, तिथे तरी हा शब्द टोमणा होऊ नये. आपले चित्र नीट काढा, असे जगाला सांगणाऱ्याच्या हातातही कुंचला असतो. त्याने दलिताचे, भटक्याचे, आपल्यातल्याच दुसऱ्या फिरक्याचे, घरातल्या बाईचे चित्र कसे काढले, हे जग पाहणारच.

तेव्हा मागणे काय मागायचे? चांगले चित्र मागून भागणार नाही. चांगले चित्र हे प्रशस्तिपत्रकासारखे असते, देणारा ते केव्हाही परत घेऊ शकतो. पुष्कळ चित्रे मागावीत, आणि ती काढणाऱ्यांत आपले हातही पुष्कळ असावेत. कागद, छपाई आणि वितरण यांत आपला वाटा असावा. बाहेरच्याने काढले तर अभ्यास करून काढावे, आणि त्याने न्याय केला तर त्याचे आभार मानायला आपण मागे राहू नये. आपल्या लेखकाने घरातले उणे दाखवले तर त्याला घरभेद्या म्हणू नये.

२०२० साली जेरी क्राफ्ट या कृष्णवर्णीय चित्रकाराच्या ‘न्यू किड’ या पुस्तकाला न्यूबेरी पदक मिळाले. चित्रकादंबरीला हा मान मिळण्याची ती पहिली वेळ. त्यातला जॉर्डन हा राजा नाही आणि कैदीही नाही. त्याला उडता येत नाही. चित्रे काढायची आवड असलेला तो एक शाळकरी मुलगा आहे आणि नव्या शाळेत रुळायची त्याला धास्ती आहे. त्याच्या शाळेत शिक्षक एका काळ्या मुलाला दुसऱ्याच काळ्या मुलाच्या नावाने हाक मारतात, आणि मुले ते लक्षात ठेवतात. स्टीमबोटचे चित्र घेऊन गेलेल्या मुलाची तक्रारही मुळात हीच होती, की माझ्या जागी तुम्हांला दुसराच कुणी दिसतो. आमच्या मुलांनाही त्यांच्या स्वतःच्या नावाने हाक मारली जावी आणि त्यांच्या चुका त्यांच्याच खात्यावर मांडल्या जाव्यात. याहून मोठे प्रतिनिधित्व आम्हांला ठाऊक नाही.